एकशे एक गाठी

"किती गाठी मारू?" आबांनी विचारलं.

ते खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. उजवा हात मांडीवर नुसता ठेवल्यासारखा पडलेला. डाव्या हातात काथ्याचा सुंभ होता आणि त्याचं दुसरं टोक त्यांनी बिनदातांच्या हिरड्यांत घट्ट धरलं होतं.

"एकशे एक," मी म्हणाले.

"शंभर नाय?"

"नाही. एकशे एक. पण त्यापुढे एकही नाही, आबा. एक दिवस जरी जास्त राहिले तरी तिकडचं माझं सगळं मुसळ केरात."

त्यांनी सुंभ तोंडातून काढला आणि मनाशी काहीतरी जुळवलं. "तीन म्हयने न् वर अकरा दिस. बरेच हायत की गो."

याला आता अकरा वर्षं झाली. मी तेव्हा न्यूझीलंडमध्ये दातांच्या कवळ्या करत होते, अजूनही करते. ऑकलंडच्या उत्तरेला फांगारे नावाचं गाव आहे, तिथे खाडीच्या कडेला ग्लेनिस नावाच्या बाईंची छोटी प्रयोगशाळा आहे. चिपळूणच्या खाली वाशिष्ठीच्या खाडीवर, तांबडवाडीसारख्या आडगावात जन्मलेली खारव्याची मुलगी पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन गोऱ्या म्हाताऱ्यांचे दात करते, याची गावात फार मौज वाटायची. खुद्द माझ्या बापाच्या तोंडात एक दात नव्हता. मी दोनदा माप घेऊन त्यांच्यासाठी कवळी करून आणली. ती निळ्या प्लास्टिकच्या डबीत झोपून असायची. "मासा हिरड्यांनी पन खाता येतो," ते म्हणायचे, "बोंबलाला कशाला व्हयेत दात?"

दिवसांचं प्रकरण असं होतं. त्या देशाने मला रहिवासाचा पहिला परवाना दिला होता. त्यानंतर दोन वर्षं तिथे राहून दाखवायचं, दर वर्षी निदान एकशे चौऱ्यांशी दिवस. ते भरले की कायमचा कागद मिळतो. मग कधीही जा, कधीही या, कुणी विचारत नाही. नाही भरले, तर परवान्याची मुदत संपल्यावर एकदा दाराबाहेर पाऊल टाकलं की दार बंद. मोडलेल्या लग्नातून उठून, चौतिसाव्या वर्षी परक्या भाषेत परीक्षा देऊन मी तिथवर पोचले होते. पहिलं वर्ष सुरळीत गेलं. दुसरं जूनमध्ये सुरू झालं आणि सगळं एकदम आलं. पारूताईचं, माझ्या थोरल्या बहिणीचं, ऑपरेशन झालं. मग आबांना पहिला झटका आला. दोन खेपांत ऐंशी दिवस गेले. जानेवारीत दुसरा झटका आला, तेव्हा माझ्या हातात उरले होते एकशे एक.

आबांना हा नियम समजावून सांगायला मला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. त्यांनी चाळीस वर्षं खाडीवर तर चालवली होती. तर म्हणजे माणसांना अलीकडून पलीकडे नेणारी होडी. त्यांचा सगळा धंदाच वेळेचा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे खाडीवरचं गणित त्यांच्या जिभेवर असायचं. षष्ठी म्हणजे साडेचार, अष्टमी म्हणजे सहा, पुनव म्हणजे सव्वाअकरा. मी फांगारेला गेल्यावर त्यांनी पंधरा दिवस रोज फोन करून तिथल्या भरतीची वेळ विचारून घेतली, आणि सोळाव्या दिवशी स्वतःच सांगितलं, "आज तुज्याकडं सव्वादोनला भरंल, बघ." मी खिडकीतून बघितलं. तिथेही खाडीत तिवरांची झाडं आहेत, आपल्यापेक्षा ठेंगणी. सव्वादोनला पाणी त्यांच्या गळ्याशी आलं होतं. तेव्हापासून आबांच्या मोजणीवर माझा स्वतःच्या मोजणीपेक्षा जास्त विश्वास.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की उजव्या बोटांना काम द्या. म्हणून ती गाठींची युक्ती निघाली. डाव्या हाताने आणि हिरड्यांनी दोन दिवस खपून त्यांनी एकशे एक गाठी मारल्या. शेवटी शेवटी पारूताईने सुंभ धरला. त्याचं एक टोक खाटेच्या खुराला बांधलं आणि बाकीचं वेटोळं खाटेखालच्या टोपलीत सोडलं. रोज सकाळी दात घासून झाले की, म्हणजे त्यांच्या हिरड्या आणि माझे दात, आबा उजव्या हाताने एक गाठ सोडायचे. पहिल्या दिवशी पाऊण तास लागला. घाम फुटला. गाठ सुटली तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू तर पैलतीराला लावली.

"गेला एक," ते म्हणाले.

सुरुवातीला मी माझ्या डायरीतही रेघा मारत होते. दर रविवारी ताळा करायचा. रेघा आणि सुटलेल्या गाठी, कधी चुकल्या नाहीत. पाच रविवारांनंतर मी डायरी उघडायचं सोडलं. खरं सांगायचं तर मला दिवस कळेनासेच झाले होते. आजाऱ्याच्या घरात दिवसाला कडा राहत नाहीत. सकाळी खाडीवर धुकं असायचं आणि पलीकडचं गाव त्यात विरून जायचं. त्या धुक्यात बोटीचा भोंगा वाजला की मला क्षणभर कळायचं नाही मी कुठल्या खाडीच्या काठी आहे. दुपारी आबांशेजारी चटईवर डोळा लागला की स्वप्नात एकच पाणी दिसायचं. अलीकडे तांबडवाडी, पलीकडे फांगारे. आबा वल्हं मारत मला पार नेताहेत, आणि ग्लेनिसबाई धक्क्यावर हातात मेणाचा जबडा घेऊन उभ्या आहेत. जाग आली की खाट, टोपली आणि आबांचं घोरणं. मला ते दिवस संपूच नयेत असं वाटत होतं. इतकी निवांत मी आयुष्यात पुन्हा कधी झाले नाही.

"तुला भ्या वाटतां काय गो, तिकडं एकटीला?" त्यांनी एकदा विचारलं.

"आता नाही वाटत. आधी वाटायचं."

"मंग काय वाटतां?"

मी विचार करून म्हटलं, "आता इथून जाताना वाटतं."

ते म्हणाले, "तुजी पाटी आटवते?"

आठवत होती. मी तिसरीत असताना आबांच्या तरीतून पलीकडच्या शाळेत जायची. एकदा पाटी घरी राहिली आणि अर्ध्या खाडीत आठवलं. मी रडून रडून तर डोक्यावर घेतली. माणसंही आबांना म्हणाली, जयराम, फिरव की रे, पोर रडते. आबांनी फिरवली नाही. ते म्हणाले, मधनं तर फिरवायची नाय. निघालेलं मानूस पार लावायचं, मंग काय ता बघू. मी बिनपाटीची शाळेत गेले आणि मार खाल्ला.

"तो मार अजून आठवतो," मी म्हटलं.

"आटवनारच," आबा म्हणाले आणि हिरड्या दाखवून हसले.

मार्चमध्ये बोटांना बरा जोर आला. गाठ पाच मिनिटांत सुटायची. पण बाकीचं शरीर मात्र उतरणीला लागलं होतं. जेवण कमी झालं. पाय सुजले. एके दिवशी चिपळूणला औषधं आणायला मला सबंध दिवस जावं लागलं. संध्याकाळी परत आले तेव्हा आबा थकून डोळे मिटून पडले होते आणि पारूताई माझ्याकडे न बघता तांदूळ निवडत होती.

"काही झालं का?"

"काय व्हनार? तू बस, चाय ठेवते," ती म्हणाली आणि उठून आत गेली. मला वाटलं, दिवसभर एकटीने म्हाताऱ्याचं केलंय, वैतागली असेल.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी मी टोपली झाडायला ओढली. वेटोळं हाताला फारच हलकं लागलं. गाठी मोजल्या. एकोणीस.

"आबा, एकोणीसच उरल्या?"

"तर मंग? रोज एक सोडतो ना तुज्यासमोर?"

"पण एप्रिलचा पहिला आठवडासुद्धा संपला नाही. मला वाटत होतं, मे लागेल."

"फेब्रुवारी आकूड असतो गो," आबा शांतपणे म्हणाले. "तो फसवतो सगळ्यांना. तरीवरची मानसां पन फसायची."

फेब्रुवारी आखूड असतो, हे खरंच होतं. मी मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत जबडा मोजते, पण तारखांचं मला कधीच जमलं नाही. आणि समोर ज्यांनी चाळीस वर्षांत एकदाही भरती चुकवली नाही असे आबा. डायरी उघडून रेघा पुढे मारल्या असत्या तर पाच मिनिटांचं काम होतं. मी ते केलं नाही. एकोणीस गाठी धरून विमानाचं तिकीट ठरवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं. पारूताईने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

निघायच्या दिवशी सकाळी एकच गाठ उरली होती. आबांनी ती सोडायला मुद्दाम वेळ लावला. मग मोकळा सुंभ त्यांनी माझ्या हातात दिला. लाटालाटांचा झालेला, जिथे जिथे गाठी होत्या तिथे वळलेला. त्यांनी कवळी घातली होती. पहिल्यांदाच. तोंड भरून गेल्यासारखं दिसत होतं आणि बोलताना शब्द जरा शिट्टीवर यायचे.

"बघ, दातवाला झालो. आता तुला बोलता येनार नाय काय."

"आबा, आणखी एक दिवस राहू? एका दिवसाने काय होतंय?"

खरं तर एका दिवसाने सगळंच होत होतं, आणि तेही मीच त्यांना जानेवारीत सांगितलं होतं.

"नाय," ते म्हणाले. "एक पन गाट उरली नाय. बघ तूच टोपलीत."

मी टोपलीत बघितलं नाही. त्यांची उशी एका बाजूला सरकली होती आणि रोजच्यासारखी सारखी करायला मी मानेखाली हात घातला. त्यांनी डोकं उचललं नाही. उलट दाबून धरलं.

"ऱ्हाऊ दे तशीच. बरी लागते."

"किती टणक झालीय ही. कापूस गोळा झालाय. ताईला सांगते पिंजायला."

"ऱ्हाऊ दे गो बाय. भरती वाट बघत नाय. ये."

आमच्याकडे निघणाऱ्याला जा म्हणत नाहीत, ये म्हणतात. मी पाया पडले आणि म्हटलं, येते. अंगणातून मागे वळून बघितलं तेव्हा खिडकीत त्यांचं तोंड दिसत होतं, नव्या दातांसकट. मी मनात म्हटलं, मी करते त्या कवळ्यांत ही सगळ्यात चांगली बसलीय.

आठवड्याने ते गेले.

पारूताईचा फोन आला तेव्हा फांगारेत दुपार होती आणि माझ्यासमोर कुणाच्या तरी खालच्या जबड्याचं मेण होतं. ती म्हणाली, अष्टमीची भरती सहाला भरली, ओहोटीची सुकती लागली आणि पाण्याबरोबर आबा निघाले. काही त्रास झाला नाही. मी ऐकत राहिले. खिडकीबाहेर माझी खाडी रिकामी होती, नुसता चिखल आणि त्यावर चालणारे पांढरे पक्षी.

"ताई," मी म्हणाले, "मी येऊ शकत नाही गं. माझा एकही दिवस उरला नाही. मी तुझ्याजवळ बसायलासुद्धा येऊ शकत नाही."

ती म्हणाली, "मोज."

"काय?"

"पासपोर्टवरचे शिक्के बघ न् मोज. आबांनी सांगितलंय तुला सांगायला. मी नसेन तवा तिला सांग, नीट मोज म्हनावं."

"ताई, काय बोलतेस तू?"

"मला काय विचारू नको. तू मोज न् ये," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

आमच्या प्रयोगशाळेत खराब निघालेले दात एका डब्यात टाकतात. रंग न जुळलेले, कड उडालेले. मी तो डबा ट्रेमध्ये ओतला. पासपोर्ट उघडला. भारतात उतरल्याचा शिक्का, निघाल्याचा शिक्का. एका दिवसाला एक दात असा मांडत गेले, कारण डोक्यात आकडा थांबतच नव्हता. जानेवारीचे मांडले, मग फेब्रुवारीचे, आखूडच होता तो, मग मार्च, मग एप्रिल. दिवस संपले तेव्हा दात मोजले. अठ्ठ्याऐंशी. पुन्हा मोजले, अठ्ठ्याऐंशी. ग्लेनिसबाई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांना वाटलं, मला वेड लागलं. त्यांनी स्वतः मोजले. अठ्ठ्याऐंशीच.

आधीचे ऐंशी, हे अठ्ठ्याऐंशी. बाहेर राहायला परवानगी एकशे एक्याऐंशी दिवसांची.

"म्हणजे तेरा शिल्लक आहेत," ग्लेनिसबाई म्हणाल्या. "रंजना, तेरा दिवस आहेत तुझ्याकडे. जा."

बाराही नाही आणि चौदाही नाही. त्यांना त्या आकड्याचं काही विशेष वाटलं नाही, कसं वाटणार? मी मात्र स्टुलावर बसले आणि ते दात पुन्हा एकदा मोजले.

मी पोचले तो तिसरा दिवस होता. खाट उभी करून भिंतीला लावली होती आणि तिच्या जागी कोपऱ्यात दिवा तेवत होता. भावोजींनी, पारूताईच्या नवऱ्याने, अग्नी दिला होता. पारूताईने मला जवळ घेतलं, मग कपाटातून निळी डबी काढून माझ्या हातात ठेवली. कवळीची डबी. मी उघडली. आत कवळी नव्हती. काथ्याच्या सुंभाचा एक तुकडा होता, नीट गुंडाळून ठेवलेला. त्यावर गाठी होत्या. मला मोजायची गरज नव्हती, तरी मी मोजल्या.

"तू चिपळूनला गेलीस ना, त्या दिवशी," पारूताई म्हणाली. "मीच कापला सुंभ इळीवर. त्यांच्या हातात जोर कुटला? ते नुसते मोजत व्हते. तेरा झाल्या तवा म्हनाले, हितं काप."

मला जो राग आला तो आजही मला लाजिरवाणा वाटत नाही. मी पारूताईवर ओरडले. म्हटलं, तेरा दिवस होते माझ्याकडे! मी असते इथे. त्यांच्या तोंडात पाणी मी घातलं असतं. तुम्ही दोघांनी मिळून माझा बाप माझ्यापासून चोरला. शेजारची माणसं दारात आली. पारूताई उभी राहून सगळं ऐकत राहिली.

मी दमले तेव्हा ती म्हणाली, "मी पन हेच बोलले त्यांना. म्हटलं, आबा, ऱ्हाऊ दे तिला, तुमच्याजवळ ऱ्हाईल. तर म्हनाले, पारू, मी कवा जानार ता मला काय ठावं? म्हयन्याच्या शेवटाला गेलो तर? ती हितं बसली असंल तर तेरावा झाल्याबिगर उटनार हाय काय ती?"

मी दिव्यासमोर खाली बसले.

"उटली असतीस?" तिने विचारलं.

उठले नसते. हे तिलाही माहीत होतं, मलाही आणि आबांना तर सगळ्यांत जास्त. शेवटची गाठ सुटली असती आणि तरी मी त्या दिव्याशी बसून राहिले असते, आणि तिकडची माझी सात वर्षं पाण्यात गेली असती, आणि त्याबद्दल मला तेव्हा काही वाटलंही नसतं. वाटलं असतं ते नंतर, जन्मभर.

"म्हनाले, तेरा दिस आधी काडून ठेव. ते माज्या नावाचे. बाकीचे तिचे," पारूताई म्हणाली. "न् म्हनाले, मधनं तर फिरवायची नाय."

मग मला एकदम आठवलं. "ताई, कवळी कुठाय?"

पारूताईच्या तोंडावर हसू आणि रडू एकदमच आलं. "घालूनच गेले. तू गेल्यापास्नं काडलीच नाय. झोपताना पन. म्हनाले, रंजीनं केलीय, वर गेलो की दाखवीन."

आम्ही दोघी त्या दिव्यासमोर बसून हसलो. दारातल्या माणसांना काय वाटलं असेल ते वाटो.

तेराव्यापर्यंत मी रोज सकाळी एक गाठ सोडली. प्रवासाचे दिवस धरून पहिल्या दिवशी तीन सोडाव्या लागल्या. माझ्या दोन्ही हातांत जोर होता तरी मी उजव्याच हाताने सोडायची. त्यांनी त्या फार आवळून मारल्या होत्या. तेराव्याची पंगत उठली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं असतानाच मी निघाले. पाया पडायला खाटेवर कुणी नव्हतं. मी भिंतीला लावलेल्या खाटेलाच हात लावून म्हटलं, येते.

जूनमध्ये वर्ष भरलं आणि मी अर्ज टाकला. पत्र आलं त्यात माझे दिवस मोजलेले होते, दोन्ही वर्षांचे. दुसऱ्या वर्षाच्या समोर लिहिलं होतं, एकशे चौऱ्यांशी. अर्ज तपासणाऱ्या माणसाला वाटलं असेल, बाई फारच काटेकोर दिसते.

आता कायमचा कागद आहे. मी वर्षातून दोनदा तांबडवाडीला जाते, कधी महिना राहते, कधी दोन. मोजत नाही. कुणी विचारत नाही. तर बंद झाली, पूल झाला. तरी दुपारी पारूताईच्या घरी चटईवर डोळा लागला की ती एकच खाडी दिसते, अलीकडे हे गाव आणि पलीकडे ते. आबा वल्हं मारताना दिसतात, तोंडात दात. मी त्यांना मधूनच म्हणते, फिरवा ना, माझं काहीतरी राहिलंय मागे. ते ऐकत नाहीत.

डबी मी इकडे आणली आहे. ती घेऊन निघाले त्या दिवशी, तेराव्यानंतर, मी पारूताईला विचारलं होतं, ही कपाटात कधी ठेवलीस? तिने सांगितलं, कपाटात नव्हतीच ती आधी. तू निघालीस ना, त्या सकाळी आबांनी मागून घेतली आणि उशीखाली ठेवली. म्हणाले, ती विचारील, एक दिवस राहू काय, तवा ही जवळ आसूं दे, नायतर मी व्हय म्हनेन.

मी उशी सारखी करायला मानेखाली हात घातला होता. ती टणक लागली होती. मला वाटलं, कापूस गोळा झालाय.